ठसेकार विल्यम वायन : पदकाच्या कडेवरील नाव

धातूवर हात चालविणाऱ्या कारागिराचे नाव जगात फार काळ टिकत नाही. नाण्यावर राजाचे नाव असते, देवळाच्या कळसावर दात्याचे असते, आणि अलंकार कितीही नाजूक असला तरी कौतुक तो लेणारीचे होते. ज्याने दिव्याच्या उजेडात डोळे शिणवून ती वस्तू घडविली त्याची आठवण बहुधा त्याच्या घराच्या उंबऱ्याबाहेर जात नाही. हा नियम सर्व देशांत सारखाच आहे. म्हणूनच त्याला जे थोडे अपवाद आहेत त्यांची चरित्रे, सोन्याचांदीच्या व्यवसायावर पिढ्यान् पिढ्या चरितार्थ चालविलेल्या आपल्या ज्ञातीने आवर्जून वाचावीत असे आम्हांस वाटते. असा एक ठळक अपवाद म्हणजे इंग्लंडच्या सरकारी टांकसाळीतील मुख्य ठसेकार विल्यम वायन हे होत.

हे नाव ज्यांच्या कानांवरून गेले नसेल त्यांच्या घरातही वायन ह्यांचे काम असण्याचा संभव आहे. सन १८४० चा राणी छाप रुपया लक्ष्मीपूजनासाठी आपल्यापैकी कित्येकांनी देव्हाऱ्यात जपून ठेविला आहे. त्यावरील तरुण व्हिक्टोरिया राणीचे मस्तक वायन ह्यांच्या हातचे. मानेचा छेद जेथे संपतो तेथे भिंग लावून पाहिले असता त्यांच्या नावाची दोन इंग्रजी आद्याक्षरे दिसतात. परंतु नाण्यांइतकेच, किंबहुना काहींच्या मते अधिक, त्यांचे नाव आज जगभरच्या संग्राहकांच्या तोंडी आहे ते ब्रिटिश सैन्याच्या मोहिमांच्या पदकांमुळे. त्यांपैकी एका पदकाचा संबंध आपल्या महाराष्ट्राच्या भूमीशी फार जवळचा, आणि आपल्या दृष्टीने बराच दुःखदही आहे. तो योग्य स्थळी येईलच.

वायन ह्यांचा जन्म सन १७९५ मध्ये बर्मिंगहॅम ह्या इंग्लंडातील कारखानदारीच्या शहरी झाला. घराणे मूळचे जर्मनीतील कोलोनचे. इंग्लंडात आलेला मूळ पुरुष राजा दुसरा जॉर्ज ह्याच्या पदरी सुवर्णकार होता, अशी त्या घराण्याची परंपरा सांगितली जाते. पुढे ह्या कुळात ठसे कोरणाऱ्यांची जणू मालिकाच लागली. चुलते, चुलतभाऊ, मुलगे, पुतणे, ज्याला त्याला पोलाद आणि छिन्नी ह्यांचेच वेड. आपल्याकडे मुलगा चालू लागला की भट्टीशेजारी बसतो आणि न शिकविताच निम्मे काम शिकतो, तसेच तेथेही घडले. सन १८०९ मध्ये, वयाच्या चौदाव्या वर्षी, विल्यम आपल्या वडिलांकडे रीतसर उमेदवारीस बसले. विशीच्या आसपास असतानाच त्यांनी सेरीस ह्या धान्यदेवतेचे मस्तक कोरून लंडनच्या सोसायटी ऑफ आर्ट्सचे सुवर्णपदक मिळविले.

ठसा कोरणे म्हणजे काय, हे आपल्या वाचकांस फोड करून सांगण्याची गरज नाही. तथापि नव्या पिढीसाठी दोन शब्द लिहितो. मऊ केलेल्या पोलादाच्या ठोकळ्यात कारागीर आकृती उलटी आणि खोलगट कोरतो. जे नाण्यावर वर उठून दिसावयाचे ते ठशात आत जावे लागते, आणि जे उजवीकडे पाहावयाचे ते डावीकडे कोरावे लागते. नंतर ते पोलाद तापवून आणि विझवून टणक करतात, त्यावरून उठावाचा साचा घेतात, आणि त्या साच्यावरून कामाचे ठसे तयार होतात. ह्या सर्व खटाटोपात मूळ हाताची एक चूक झाली तर ती हजारो प्रतींत उतरते. सोनाराचा बिघडलेला डाग पुन्हा आटवता येतो. ठसेकाराची चूक देशभर फिरते. म्हणून ह्या कामास जितकी दृष्टी लागते तितकाच संयम लागतो. वायन ह्यांच्यापाशी दोन्ही होती.

लंडनला जाऊन चुलत्यांच्या हाताखाली काही काळ काम केल्यावर, सन १८१६ मध्ये टांकसाळीतील दुय्यम ठसेकाराच्या जागेसाठी झालेल्या स्पर्धेत त्यांची निवड झाली. परीक्षक होते सुप्रसिद्ध चित्रकार सर टॉमस लॉरेन्स. त्या वेळी मुख्य ठसेकाराच्या जागी विल्यमचेच चुलतभाऊ टॉमस वायन होते. वयाने ते तीनच वर्षांनी वडील, परंतु कर्तृत्वाने थोर. वॉटर्लूच्या लढाईचे पदक त्यांनी कोरले. ह्या पदकाविषयी थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे, कारण पदकसंग्रहाच्या शास्त्राचा पायाच तेथे आहे.

वॉटर्लूची लढाई १८ जून १८१५ रोजी झाली. तोपर्यंत इंग्लंडच्या सैन्यात सुवर्णपदके मिळत ती मोठ्या हुद्द्याच्या अधिकाऱ्यांस. सामान्य शिपायाने रक्त सांडावे आणि घरी जाऊन गप्प बसावे, अशी रीत होती. वॉटर्लूचे रौप्यपदक मात्र सेनापतीपासून नगारा वाजविणाऱ्या पोरापर्यंत सर्वांस सारखेच देण्यात आले; अशी सुमारे ३९,००० पदके निघाली. लढाईत पडलेल्यांच्या वारसांसही ते मिळाले. आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट ही की प्रत्येक पदकाच्या कडेवर ते ज्याचे, त्याचे नाव व पलटण यंत्राने ठोकून उमटविली गेली. राजप्रतिनिधी युवराजाचा मुखवटा दर्शनी बाजूस, विजयदेवता पाठीमागे, आणि ह्या दोहोंच्या मध्ये, केवळ एका रेषेइतक्या जागेत, एका शेतकऱ्याच्या किंवा विणकराच्या पोराचे नाव! आमच्या मते त्या वर्षी युरोपात घडलेल्या मोठ्या गोष्टींत ही एक लहानशी गोष्टही मोजली पाहिजे.

दुर्दैवाने टॉमस वायन सन १८१७ मध्ये क्षयाने वारले. वय अवघे पंचवीस. न्यायाने त्यांची जागा विल्यम ह्यांच्याकडे यावयाची. पण तसे झाले नाही. रोमहून आलेला बेनेदेत्तो पिस्त्रुची हा रत्नांवर कोरीव काम करणारा विलक्षण प्रतिभेचा कलावंत टांकसाळीच्या प्रमुखांच्या मर्जीतला होता. घोड्यावर बसून नागासुराचा वध करणाऱ्या संत जॉर्जचे चित्र इंग्लंडच्या गिनीवर आले ते ह्याच पिस्त्रुचीच्या हातून. परका असल्यामुळे मुख्य ठसेकाराचे पद त्याला उघडपणे देता येईना, तेव्हा पद रिकामे ठेवून काम व वेतन त्याच्याकडे सोपविण्यात आले. विल्यम ह्यांच्याकडे कामाचा भार, आणि मान दुसऱ्याकडे, अशी ही स्थिती दहाबारा वर्षे चालली.

ह्या वादात दोन्ही बाजूंनी पुष्कळ शाई खर्च झाली. आम्हांस त्यात शिरावयाचे नाही. पिस्त्रुची हा प्रतिभेने थोर होता हे मान्य केलेच पाहिजे. परंतु दुसऱ्याच्या कलाकृतीवरून कोरणे त्यास कमीपणाचे वाटे. चौथ्या जॉर्ज राजाला शिल्पकार चँट्री ह्याने घडविलेला आपला मुखवटा नाण्यावर हवा होता. पिस्त्रुचीने ते काम नाकारले. वायन ह्यांनी ते स्वीकारले आणि उत्तम करून दाखविले. अखेर सन १८२८ मध्ये मुख्य ठसेकाराचे पद त्यांस मिळाले, आणि पिस्त्रुचीसाठी मुख्य पदककार असे निराळे पद निर्माण झाले. पुढचा योगायोग पाहण्यासारखा आहे. वॉटर्लूच्या विजयाप्रीत्यर्थ दोस्त राजांना नजर करण्यासाठी पाच इंचांहून मोठे असे एक भव्य पदक पिस्त्रुचीकडे सोपविले होते. ते त्याने तीस वर्षे रेंगाळत ठेवून सन १८४९ मध्ये पुरे केले, तोपर्यंत ज्यांना ते द्यावयाचे ते राजे मरून गेले होते, आणि ते सोन्यारुप्यात कधी पाडलेच गेले नाही. त्याच तीस वर्षांत वायन मात्र दररोज ठोकळ्यापुढे बसले, आणि त्यांची लहान पदके हजारो साध्या माणसांच्या छातीवर गेली.

व्हिक्टोरिया पंधरा वर्षांची राजकन्या असताना सन १८३४ मध्ये वायन ह्यांनी तिचे मुखचित्र समोर बसवून घेतले होते. ती राणी झाल्यावर सन १८३७ मध्ये लंडन शहराला तिने दिलेल्या भेटीचे पदक त्यांनी त्यावरून कोरले, आणि ह्याच पदकावरून सन १८४० मध्ये जगातील पहिल्या डाक तिकिटावरील मस्तक तयार झाले. सिंहाला घेऊन चालणाऱ्या ऊना ह्या काव्यातील नायिकेच्या रूपात राणी दाखविणारे त्यांचे १८३९ चे पाच पौंडांचे सोन्याचे नाणे नाणकशास्त्रात अत्यंत सुंदर मानले जाते. सन १८३१ मध्ये रॉयल ॲकॅडमीने त्यांस सहसभासद व सन १८३८ मध्ये पूर्ण सभासद करून घेतले. चित्रकार आणि शिल्पकार ह्यांच्या पंक्तीस एका ठसे कोरणाऱ्याला पाट मांडला गेला, ही गोष्ट धातुकारागिरांच्या इतिहासात नोंदविण्याजोगी आहे.

आता मोहिमांच्या पदकांकडे वळू. वॉटर्लूला पदक मिळाले. पण त्यापूर्वी स्पेन आणि पोर्तुगालमध्ये वर्षानुवर्षे झुंजलेल्या शिपायांना काहीच नव्हते. त्यांची ही खंत तीस वर्षांहून अधिक काळ धुमसत राहिली. खुद्द त्यांचा सेनापती ड्यूक ऑफ वेलिंग्टन ह्याचा अशा पदकास विरोध होता. त्यांची बाजू लावून धरली ती रिचमंडच्या पाचव्या ड्यूकने. तो स्वतः त्या युद्धात लढलेला आणि ऑर्थेझच्या लढाईत गोळी लागून जायबंदी झालेला होता. अखेर सन १८४७ मध्ये मंजुरी मिळाली, आणि १७९३ ते १८१४ ह्या काळातील लढायांसाठी एक पदक व प्रत्येक लढाईच्या नावाची एक रुपेरी पट्टी, अशी २९ पट्ट्यांची योजना झाली. पदक वायन ह्यांनी कोरले. राणी व्यासपीठावर उभी राहून गुडघे टेकलेल्या वेलिंग्टनच्या मस्तकी विजयमाला ठेवीत आहे, असा देखावा त्यावर आहे. जिचा जन्मच मुळी १८१९ चा, ती राणी १८१४ पूर्वीच्या विजयाचा गौरव करीत आहे. आणि ज्याने पदकास विरोध केला तोच पदकावर माळ स्वीकारीत आहे! पदक देण्याची अट मात्र कठोर होती. मागणारा जिवंत असला पाहिजे. सुमारे २६,००० वृद्ध शिपायांनी ते घेतले. १५ पट्ट्या मिळविणारे त्यांत दोघेच निघाले.

हिंदुस्थानातील मोहिमांचीही बरीच पदके वायन ह्यांच्या ठशांतून निघाली. सन १८४३ च्या सिंधच्या, १८४५-४६ च्या सतलजच्या आणि १८४८-४९ च्या पंजाबच्या मोहिमांची पदके त्यांची. पंजाबच्या पदकावर शीख सैनिक सर वॉल्टर गिल्बर्टपुढे शस्त्रे खाली ठेवीत आहेत, असा प्रसंग कोरला आहे. मुंबई फौजेच्या पलटणी सिंधमध्ये व मुलतानच्या वेढ्यात लढल्या. त्यामुळे ही पदके दख्खन आणि कोकण येथील खेड्यांतील घरांतही पोहोचली.

परंतु आम्ही ज्याचा उल्लेख वर केला ते पदक निराळे. सन १८५१ च्या मार्च महिन्यात, १८०३ ते १८२६ ह्या काळात हिंदुस्थानात झालेल्या लढायांसाठी एक पदक मंजूर झाले. वायन ह्यांनी त्यावर ताडाच्या झाडाखाली बसलेली विजयदेवता कोरली. त्याच्या २१ पट्ट्यांवरील नावे वाचू लागले की मराठी माणसाच्या मनात कालवाकालव झाल्यावाचून राहत नाही. असई, अडगाव, गाविलगड, खडकी, पुणे, सीताबर्डी, नागपूर, कोरेगाव! इंग्रजांच्या जिभेच्या वळणाने ही नावे असाय, अर्गॉम, किर्की, सीताबल्दी, कोरीगॉम अशी झाली आहेत. पण माती आपलीच. २३ सप्टेंबर १८०३ रोजी असईस शिंदे-भोसल्यांच्या तोफा थांबल्या, ५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीच्या माळावर पेशवाईचे भवितव्य ठरले. आणि त्या पराभवांची बेरीज एका रुप्याच्या चकतीवर, लंडनमधल्या एका शांत खोलीत, एका कारागिराने कोरली.

येथे कोणी विचारील की, मग अशा माणसाचे चरित्र आपण का वाचावे? आमचे उत्तर असे. पदकाला दोन बाजू असतात हे सर्व जाणतात. परंतु त्याला तिसरी बाजूही असते, आणि ती म्हणजे कडा. दर्शनी बाजू राज्यकर्त्याची, मागील बाजू विजयाची, पण कडा माणसाची. ह्या लढायांत कंपनीच्या बाजूने लढणारे बहुसंख्य शिपाई ह्याच देशाचे होते. कंपनीने त्यांना पदके दिली नव्हती असे नाही. पहिल्या मराठा युद्धात व म्हैसूरच्या युद्धात आलेल्या बंगाली फौजेच्या हिंदी शिपायांसाठी सन १७८४ मध्ये तिने दख्खनचे पदक काढले होते, पण त्यावर कोणाचे नाव नव्हते. सन १८५१ चे पदक नावासह निघाले, पण तेही केवळ हयात असणाऱ्यांस. असईला जो वीस वर्षांचा होता तो तेव्हा अडुसष्टाचा झालेला. अठ्ठेचाळीस वर्षे वाट पाहण्याइतके आयुष्य गरीब शिपायाला कोठून मिळणार? सर्व मिळून सुमारे साडेचार हजारच पदके दिली गेली, आणि त्यांवर हिंदी नाव दुर्मिळ आहे. १ जानेवारी १८१८ च्या लढाईत पडलेल्या शिपायांची नावे कोरेगावच्या स्तंभावर दगडात आहेत, त्यांत महार शिपायांची पुष्कळ आहेत. रुप्याच्या कडेवर ती येण्याचा प्रश्नच नव्हता. आमच्या अध्यापनाच्या काळात विद्यार्थ्यांस असईची तारीख पाठ असे, सेनापतींची नावे पाठ असत. पण एका शिपायाचे नाव विचारले तर वर्ग स्तब्ध होई. दोष मुलांचा नव्हे. इतिहासाच्या पुस्तकांना कडा नसते.

हे पदक वायन ह्यांच्या शेवटच्या कामांपैकी होय. त्याच वर्षी फेब्रुवारीत त्यांची पत्नी कॅथरिन निवर्तली. तीस वर्षांचा संसार संपला. लंडनमध्ये भरलेल्या महाप्रदर्शनाच्या बक्षिसाच्या पदकांवरील राणी व तिचे यजमान ह्यांची मस्तके त्यांनी कोरली. आणि २९ ऑक्टोबर १८५१ रोजी ब्रायटन येथे, वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी त्यांचे देहावसान झाले. टांकसाळीच्याच आवारातील घरात जन्मलेला त्यांचा मुलगा लेनर्ड चार्ल्स ह्याने छिन्नी उचलली. सन १८५७ च्या बंडासंबंधीचे जे पदक पुढे निघाले त्याच्या एका बाजूस वडिलांनी कोरलेले राणीचे मस्तक आणि दुसऱ्या बाजूस मुलाचे काम आहे. पितापुत्र एका चकतीच्या दोन अंगांस असे कायमचे भेटले आहेत.

आज ह्या पदकांचा संग्रह करणारे लोक जगभर आहेत. नवख्याला वाटते की ते चांदीची किंमत देतात. तसे नाही. ते किंमत देतात ती कडेवरील नावाची. संग्राहक प्रथम भिंगाने अक्षरे पाहतो. ती ठोकलेली आहेत की मागाहून कोरलेली, त्यांचे वळण त्या काळच्या पद्धतीचे आहे की नाही, हे तपासतो. एखाद्याने जुने नाव तासून तेथे दुसरे घातले असेल तर पदकाचा व्यास किंचित कमी भरतो. म्हणून तो मापाने व्यास मोजतो. पट्ट्या मूळच्याच आहेत की मागाहून जोडल्या, डाक कोठे लागला आहे काय, हे पाहतो. १८५१ च्या पदकावर दोन सालांमधील रेघ आखूड आहे की लांब, एवढ्यावरूनही तो ठशाचा प्रकार ओळखतो. शेवटी ब्रिटनच्या दप्तरखान्यांत जपलेल्या पदकाच्या याद्यांत ते नाव शोधतो. नाव सापडले म्हणजे चकती बोलू लागते : हा माणूस होता, अमक्या पलटणीत होता, अमक्या दिवशी अमक्या ठिकाणी उभा होता.

आणि आता आपल्या ज्ञातिबांधवांस विनंती. सन १९१४ ते १९१८ च्या महायुद्धात महाराष्ट्रातून हजारो जवान गेले. त्यांना मिळालेल्या रौप्यपदकांच्या कडेवर वॉटर्लूपासून चालत आलेल्या रीतीप्रमाणे क्रमांक, नाव आणि पलटण आहे. ही पदके अडीअडचणीच्या वेळी बाजारात आली, आणि ती कोणाच्या दारी आली? आपल्याच. मोडीचा भाव करून त्यांतील कितीतरी मुशीत गेली. ज्याला पैशाची निकड आहे त्याला पैसा मिळालाच पाहिजे, आणि व्यवसाय हा व्यवसायच आहे. त्यात कोणास दोष देण्याचे कारण नाही. परंतु ह्यापुढे असे पदक तराजूत पडले तर ते आटविण्यापूर्वी एकवार कडा फिरवून पाहावी. नाव असेल तर वहीत उतरवून घ्यावे. आणणाऱ्यास ते वाचून दाखवावे. कदाचित तो आपल्या पणजोबाचे नाव प्रथमच ऐकत असेल. बेळगावचे मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र आणि खडकीचे बॉम्बे सॅपर्सचे केंद्र येथे पलटणींचा इतिहास जपला जातो, हे त्यास सांगावे. शंभर वर्षांहून जुनी अशी वस्तू सन १९७२ च्या पुरावस्तूंच्या कायद्यान्वये खाजगी माणसास परदेशी धाडता येत नाही, हेही ध्यानात असू द्यावे.

चांदी पुन्हा मिळते. अडीच-तीन तोळ्यांनी कोणी श्रीमंत होत नाही आणि कोणी बुडत नाही. पण मुशीत गेलेले नाव पुन्हा हाती येत नाही. विल्यम वायन ह्यांनी आपली दोन अक्षरे राणीच्या मानेखाली इतकी बारीक कोरली की ती शोधणाऱ्यालाच दिसावीत. कारागिराचा अभिमान एवढाच असावा. मात्र स्वतःचे नाव बारीक ठेवणाऱ्या आपल्या व्यवसायाने दुसऱ्याचे नाव पुसू नये, इतके पथ्य आपण पाळले तरी ह्या थोर ठसेकाराचे चरित्र वाचल्याचे सार्थक झाले, असे आम्ही समजू.